बादशहाच्या मानेवरची रेघ

मामी : ...त्यांना काही विचारू नकोस गं ठमे. फोटो काढायला आलोय, वर्ग भरवायला नाही. एकदा बोलायला लागले की गाडी डेपोत लागल्याशिवाय थांबायचे नाहीत.

भाची : बोलू दे गं मामी, पेशंट संध्याकाळचे आहेत. मामा, त्या खुर्चीत नको, ती दात काढायची आहे. इकडे स्टुलावर ये.

मामा : दात काढायच्या खुर्चीतही बसलो असतो. उरलेत कुठे म्हणा.

भाची : पायाखाली वायर आहे, बघून.

मामा : बघणंच तर होत नाही बाई. मधोमध डाग पडलाय. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब, आजूबाजूचं मात्र ठीक. तुझी मामी समोर उभी राहिली की मला तिचे दोन कान तेवढे दिसतात.

मामी : माझे कान दिसून काय उपयोग? तुमचे कुठे चालतात?

भाची : डोळ्यात इंजेक्शनं चालली होती ना?

मामी : झाली सगळी. आता आहे ते टिकलं तर नशीब, असं म्हणाले डॉक्टर. म्हणून तर ही नाणी विकायला काढलीत. ते वकीलसाहेब आहेत ना, नाणी जमवणारे, त्यांना नदीच्या गावाची सगळी हवीत. पण आधी फोटो धाडा म्हणाले, स्वच्छ आणि मोठे. म्हटलं, ठमीकडे दाताच्या नसा बघायचं यंत्र आहे, त्याला कॅमेरा आहे, चला.

भाची : नदीच्या गावाची म्हणजे? मला वाटलं ही रोमच्या बादशहाची नाणी आहेत.

मामी : विचारलंस शेवटी. आता बस ऐकत.

मामा : छापा बादशहाचा, काटा गावाचा. राज्य रोमचं होतं, खरं. पण बाजारात भाजी घ्यायला सुटे पैसे लागतातच की नाही? ते तांब्याचे पैसे ज्या त्या ग्रीक गावाने आपले आपण पाडायचे. एका अंगाला बादशहाचं तोंड, म्हणजे वरचे खूश. दुसऱ्या अंगाला आपलं देऊळ, आपली नदी, आपलं जहाज. आणि आपल्या लिपीत आपल्या गावाचं नाव.

मामी : म्हणजे साहेबापुढे मान हलवायची आणि घरी येऊन आपलंच खरं करायचं. हे यांना आयुष्यभर छान जमलं.

मामा : बसमध्ये चाळीस वर्षं सुटे पैसे मोजले मी. कुणाच्या पैशावर त्याचं गाव नव्हतं. पहिल्यांदा असं नाणं हातात आलं ना, तेव्हा मी त्या गावाचं नाव दहादा वाचलं. मोठं गाव नाही, आज तिथे मेंढ्या चरतात. पण आमची नदी आहे, हे तिथले लोक सांगून गेले.

भाची : दे पहिलं. कडेला धरते, बोट लावत नाही. हां, आता समोरच्या पडद्यावर बघा. मामी, तू बघ.

मामी : अगं बाई.

मामा : काय झालं?

मामी : काही नाही. माणूस आहे हा.

मामा : मग काय मांजर असणार आहे? पंचवीस वर्षं सांगतोय.

मामी : तुम्ही सांगत होतात ते बटणाएवढं होतं हो. मला डबीत सगळी गंजलेली बटणंच दिसायची. हा आता खिडकीएवढा झालाय. दाढीत कुरळे केस आहेत. डोळ्याखाली सूज आहे. दमलेला दिसतो बिचारा.

भाची : खरंच दमलेला आहे. मामा, किती जुनं हे?

मामा : अठराशे वर्षं धर. थोडं इकडेतिकडे.

भाची : आणि पापणी दिसतेय. कुणीतरी बसून ही पापणी कोरली. माझं काम यापेक्षा मोठ्या वस्तूवर चालतं, आणि माझ्याकडे दिवा आहे, भिंग आहे. याच्याकडे काय होतं?

मामा : ऊन. आणि चांगले डोळे.

भाची : उलटं करते. चार खांब, वर त्रिकोण. देऊळ.

मामा : देवळाचं गाव. आता दुसरं घे, डबीत त्याच्या शेजारच्या खळग्यातलं. त्याच्या मागे एक म्हातारा मडक्याला टेकून लोळतोय आणि मडक्यातून पाणी वाहतंय. ती नदी.

मामी : नदी म्हणजे म्हातारा? आणि लोळतोय? बाईमाणूस असती तर उभी राहून पाणी भरत असती.

भाची : मामा, एक मिनिट. याची तोंडाची बाजू... हे तेच आहे.

मामी : बादशहा एक, मग तोंडही एकच असणार.

भाची : तसं नाही मामी. अगदी तेच. तीच सूज, तीच पापणी.

मामा : नाकासमोर एक बारीक टिंब आहे का बघ. तीळ असावा तसं.

भाची : आहे.

मामा : आता पहिल्यावर बघ.

भाची : आहे, तिथल्या तिथे.

मामा : एकाच बादशहाचं तोंड दहा कारागिरांनी कोरलं तर दहा वेगळी तोंडं होतात. हे दोन्ही एकाच ठशाचे आहेत. लोखंडाचा तुकडा, त्यात तोंड उलटं आणि खोल कोरलेलं. त्यावर तांब्याची गरम चकती ठेवायची, वरून काट्याचा ठसा, आणि हातोडा. ठशात जे खोल ते नाण्यावर उंच.

भाची : कळलं. आम्ही दाताचं माप घेतो तसंच. मापात खड्डा तिथे दात उंच.

मामा : तेच. आता तिसरं घे, जहाजाच्या गावाचं. बघ टिंब.

भाची : आहे. म्हणजे तीन गावं, तीन वेगळे काटे, पण तोंडाचा ठसा एकच?

मामा : एकच. गावं लहान. प्रत्येकाला बादशहाचं तोंड कोरणारा कारागीर कुठून परवडणार? म्हणून एक माणूस बादशहाचं तोंड पिशवीत घालून गावोगाव हिंडत होता. गावात शिरायचा, पैसे पाडून द्यायचा, पुढच्या गावाची वाट धरायचा.

मामी : बादशहाला पिशवीत घालून?

मामा : हातोड्याशेजारी.

भाची : की एकच कारखाना होता, आणि तिन्ही गावांनी तिथून पाडून नेली?

मामा : काही जाणकार तसंही म्हणतात. असेलही, माझ्याकडे पुरावा नाही. पण मला आपला चालणारा माणूस बरा वाटतो. त्याचंच मला वेड लागलंय ठमे. त्याचे तीन थांबे मला ठाऊक आहेत, पण गाडी कुठून सुटली ते ठाऊक नाही. देवळाकडून जहाजाकडे गेला की समुद्राकडून वर डोंगरात आला? भिंगातून बघून बघून डोळे गेले, पण ते काही कळलं नाही. विकायच्या आधी एकदा कळलं असतं तर बरं होतं, एवढंच.

मामी : डोळे भिंगाने नाही गेले. उगाच बिचाऱ्या भिंगाला बोल लावू नका.

भाची : मामा, नदीच्या नाण्यावर मानेमागे माती बसलीय, दगडासारखी. काढू?

मामा : हात लावू नकोस. हिरवा थर एकदा गेला की नाणं गेलं.

भाची : नाही लावत. दिवा फक्त आडवा करते. पेशंट म्हणतात दात दुखतो आणि वरून काही दिसत नाही, तेव्हा मी असाच कडेने उजेड टाकते. थांबा हं. ही रेघ कसली?

मामा : ओरखडा असेल. मानेपाशी ना? मलाही वाटायचं काहीतरी आहे तिथे.

भाची : ओरखडा खड्डा असतो. ही उंच आहे. हिला सावली पडतेय.

मामा : काय म्हणालीस?

भाची : उंच आहे मामा. काठापासून निघून मानेपर्यंत आलीय.

मामी : अहो, काय झालं? स्टुलावरून उठलात कशाला?

मामा : नाण्यावर उंच म्हणजे ठशात खोल. ठशाला तडा गेला होता. ठमे, तडा कमी होत नाही कधी. वाढतोच.

भाची : दातासारखा.

मामा : देवळाचं लाव. घाई करू नको. मानेमागे, काठापाशी.

भाची : उजेड फिरवते... काठाजवळ केसाएवढी आहे. अगदी सुरुवात. मानेला पोचली नाही.

मामा : आता जहाजाचं.

भाची : इथे मान ओलांडलीय. दाढीत शिरलीय, पार जबड्यापर्यंत.

मामा : मोठ्याने सांग. ओळीने सांग.

भाची : देवळाला काठावर. नदीला मानेपर्यंत. जहाजाला दाढीत.

मामा : देऊळ, नदी, जहाज. डोंगरातून खाली उतरला तो. नदीच्या काठाकाठाने समुद्राला गेला.

मामी : पाणी आणू?

मामा : नको. अठराशे वर्षांपूर्वी एक माणूस कुठल्या दिशेने चालला होता, ते आत्ता आपल्याला कळलं. त्याचं नाव नाही, गाव नाही, त्याला कुणी कुठे लिहून ठेवलं नाही. आपण तिघंच आहोत ज्यांना हे ठाऊक आहे.



मामी : त्याला ठाऊक असेल का हो, ठशाला तडा जातोय ते?

मामा : नसायला काय झालं? नवा ठसा म्हणजे महिन्याचं काम. तो रोज बघत असणार आणि म्हणत असणार, अजून एवढं गाव निघू दे.

मामी : माझ्या शिलाई मशिनच्या पट्ट्याला मी हेच म्हणते.

भाची : मग ही तिन्ही एकत्रच राहायला हवीत. वकिलांनी नुसती नदीची नेली तर मधला थांबाच जाईल.

मामा : शब्द दिलाय मी. ते एकाच गावाची जमवतात, बाकीची त्यांचा मित्र घेणार आहे. कळायचं होतं ते कळलं मला. झालं.

भाची : झालं काय? आत्ता कुठे कळलंय. मामी, तू सांग ना. एवढी घाई कशाला?

मामी : घाई माझी आहे. त्यांना बोलू नकोस.

मामा : असू दे गं.

मामी : नाही, मलाच सांगू दे. अगं, हे रोज सकाळी डबी उघडून बसतात. एकेक उचलतात, डोळ्याजवळ नेतात, तिरपं धरतात, मान वाकडी करतात, आणि परत ठेवतात. मला म्हणतात, आज बरं दिसलं. काही दिसत नाही त्यांना. मी शिवत बसलेली असते समोर, आणि मला टाका दिसेनासा होतो. मला नाही बघवत ते. म्हणून म्हटलं, डबीच नको घरात. कंजूषपणाने नाही म्हटलं.

मामा : मला वाटायचं तुझं लक्ष मशिनकडे असतं.

मामी : चाळीस वर्षं तुमची गाडी कधी येते याकडेच लक्ष होतं. ते आता कुठे जाणार?

भाची : मामी, पाणी तू घे आधी.

मामी : दे. आणि ते पुढचं सांगा. समुद्रावर पोचला, मग?

मामा : मग काय? पुढे रस्ता नाही. शेवटचा थांबा. तडा दाढीत पोचला होता, म्हणजे ठसा तिथेच फुटला असणार.

मामी : ठशाचं नाही विचारलं. माणसाचं?

मामा : माणसाचं कसं कळणार?

मामी : घरी नाही गेला?

मामा : कोण जाणे.

मामी : असं कसं कोण जाणे? घरी बायको असेल. तिला काय ठाऊक, शेवटचा थांबा म्हणून. ती वाट बघत असेल.

मामा : अगं, नाण्यावर एवढंच आहे जेवढं आहे.

मामी : माझ्याकडे पण एक आहे ना? त्यातलंच?

मामा : कुठलं?

मामी : तुम्ही दिलेलं. वजनाला.

भाची : कसलं वजन?

मामी : कापडावर मापाचा कागद ठेवला की पंख्याने उडतो. म्हणून यांनी मला एक नाणं दिलं होतं, हे बाद आहे, तुला घे म्हणाले. मी त्याला चिंधी शिवून घेतली. आज सकाळी एकीकडे माप घ्यायला गेले होते, तीच पर्स उचलून यांना घेऊन इकडे आले. पर्समध्येच आहे.

(मामी पर्समधून टेप, खडू आणि टाचण्यांची डबी बाहेर ठेवते, मग एक छोटी गोल पुरचुंडी काढते.)

मामा : ते देवळाचं दुसरं आहे गं. दोन होती, चांगलं मी ठेवलं आणि झिजकं तुला दिलं. सगळे जमवणारे तेच करतात. एकसारखी दोन कशाला हवीत?

मामी : शिवण उसवते मी. कात्री दे गं ठमे. ही नको, ही तुमची तोंडातली. माझीच घेते.

भाची : दे. चिंधीत होतं म्हणून बरं राहिलंय, थर शाबूत आहे. तोंड झिजलंय पण. नाकासमोर... टिंब आहे.

मामा : असणारच. त्याच ठशाचं आहे, मला ठाऊक आहे.

भाची : उजेड आडवा करते.

मामा : काठाजवळ केसाएवढी असेल.

भाची : मामी, इकडे पडद्यावर बघ.

मामा : ठमे? काय दिसतंय? बोल ना.

मामी : मी सांगते. रेघ काठापासून निघालीय. मान ओलांडून गेलीय. दाढीतून वर चढलीय. कानाच्या मधून गेलीय आणि कपाळापर्यंत पोचलीय. आणि कानापाशी एक ढेकूळ आहे, टवका उडाल्यासारखं.

मामा : ते जहाजाचं लावलंयस तू. बदलली असतील.

भाची : नाही मामा. जहाजाचं माझ्या डाव्या हाताशी आहे. हे मामीचं आहे. उलटं करते. मामी, तूच सांग.

मामी : देऊळ आहे हो. चार खांब.

मामा : नीट बघ.

मामी : चार खांब आणि वर त्रिकोण. दोनदा मोजले.

मामा : देऊळ.

भाची : सगळ्यात मोठा तडा देवळाला, मामा. जहाजानंतरचं आहे हे.

मामी : परत आला तो.

मामा : परत आला.

मामी : जन्मभर जाऊन-येऊन नोकरी केलीत तुम्ही. सकाळी नेलेली गाडी संध्याकाळी परत आणलीत. आणि या बिचाऱ्याची निम्मीच फेरी धरलीत.

मामा : मी त्याला समुद्रावर सोडून दिला होता गं. एवढी वर्षं तो तिथेच उभा होता माझ्या डोक्यात, फुटका ठसा घेऊन.

मामी : आणि तो माझ्या पर्समध्ये होता.

भाची : फुटक्या ठशानेच त्याने परत देवळाच्या गावाला पैसे पाडून दिले. नवा कोरायला बसलाच नाही.

मामी : घरचं काम. घरी कोण नवं काढतं?

मामा : मला दे ते. हातात दे.

भाची : हे घे. तोंडाची बाजू वर आहे.

मामा : गर्दीत, अंधारात, बस हलत असताना नुसत्या अंगठ्याने सांगायचो मी, किती पैसे दिलेत ते. डोळे तिकिटाकडे असायचे. थांबा, नख लावतो. इथे काठ... इथून निघाली. अगं, लागतेय.

मामी : खरंच लागते?

मामा : नखाला लागते. ही मान असेल. हा... हा कान.

मामी : थोडं वर. हां, तिथे. तिथे ढेकूळ आहे.

मामा : आहे. इथेच आहे. बाकीची दे बघू. सांगू नका कुठलं ते.

भाची : हे घे.

मामा : मानेपर्यंत. नदी.

भाची : हे?

मामा : दाढीत शिरलीय. जहाज. आता ते चांगलं देवळाचं दे. हो, इथे काठावर जरा कुठे खरखरतंय. इथून निघाला तो. किती वेळा डोळे ताणून बघितलं मी, आणि हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

मामी : बोट लावू नये म्हणायचात.

मामा : जमवणाऱ्यांचा नियम आहे तसा. बोटाचा घाम लागतो.

मामी : त्याचा हात लागलाच होता की त्याला. बाजारात तर सगळ्या गावाचे लागले. पुसून ठेवत जाऊ.

भाची : फोटो धाडू का वकिलांना?

मामा : शब्द दिलाय गं मी.

मामी : तुम्ही दिलाय, मी कुठे दिलाय? मी बोलते त्यांच्याशी. नदीची बाकीची आहेत ती खुशाल न्या म्हणावं, त्यांचे फोटो धाड. ही चार नाहीत. ही आमच्या घरची फेरी आहे.

मामा : रागावतील.

मामी : मग त्यांना इथे बोलवू आणि ठमी पडद्यावर दाखवेल. बघितल्यावर कुणी मागणार नाही. मीच विकायला काढली नसती.

भाची : आणि तुझ्या मापाच्या कागदावर काय ठेवशील?

मामी : वरवंटा ठेवेन. एवढा प्रवास करून आलेल्या माणसाला काय कागदावर बसवून ठेवायचं?

मामा : चिंधी मात्र दे. तीत होता म्हणून राहिला.

मामी : घ्या. चला आता, ठमीचे पेशंट येतील. डबी माझ्याकडे द्या.

भाची : मामा, दारात पायरी आहे, हात धरते.

मामी : राहू दे, मी आहे. अहो, हात द्या. हा नाही, दुसरा. त्या मुठीत काय आहे?

मामा : तो.

मामी : असू दे. घरी पोचेपर्यंत हातातच राहू दे त्याला.